साडूंचे जर्मन व्याही

जगातल्या कुठल्याही देशाच्या माणसाचा स्वभाव सणसरच्या ओसरीवर बसून सांगणारे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते माझे साडू आहेत. उसाचं रान सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी सगळी पृथ्वी निकालात काढली आहे. जपानी माणूस रडत नाही, इंग्रज पोटभर जेवत नाही, अमेरिकन माणसाला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. ही माहिती आली कुठून, असं विचारायची सोय नाही. "एवढं बी म्हाईत न्हाय व्हय तुमाला?" असं म्हणून ते माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहतात, आणि मी तर जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. एकदा बारामतीच्या एसटी स्टँडवर त्यांनी एका गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला लांबूनच रशियन ठरवलं आणि थंडीमुळे रशियन माणूस कसा अबोल होतो, हे मला गाडी येईपर्यंत समजावून दिलं. गाडी लागली तसा तोच माणूस आमच्याकडे वळून म्हणाला, "ही इंदापूरला जाते ना हो? मी रत्नागिरीचा, मला इकडचं काही माहीत नाही." साडू जराही डगमगले नाहीत. गाडीत बसल्यावर हळूच म्हणाले, "मूळचा तिकडचाच असणार."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, पल्लवीनं, नोकरीसाठी जर्मनीला जाऊन तिथल्याच यान नावाच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं. साडूंनी आरडाओरडा केला नाही. जळोचीला आमच्या घरी आले, समोरचा चहा गार होऊ दिला आणि म्हणाले, "पोरगा चांगला आसंल. पण त्या मुलखात माणसाला माणूस लागत न्हाय. पोरं मोठी झाली की घराबाहेर काढत्यात. उद्या ही आजारी पडली तर पाणी कोण देणार?" शेवटी त्यांनी एकच अट घातली. आधी मुलाचा बाप बघायचा, मग पुढचं.

बाप यायला तयार झाला. पल्लवी आधीच सुट्टी काढून घरी आली होती. तिनं साधा नेहमीचा स्वयंपाक करू म्हणून सांगून पाहिलं, पण जर्मन लोकांविषयी तिच्याकडून शिकायची साडूंची तयारी नव्हती. जर्मन माणूस वेळेचा पक्का, म्हणून घरातली सगळी घड्याळं जुळवून झाली. त्याला तिखट चालत नाही, म्हणून बिनमिठाचे उकडलेले बटाटे झाले. टेबल-खुर्च्या शेजारच्या गावातून आल्या. कोणी मोठ्यानं हसायचं नाही, अंगचटीला जायचं नाही आणि घरचं काही विचारायचं नाही, अशी तंबी सगळ्यांना मिळाली.

अकराला यायचा पाहुणा दीड वाजून गेला तरी आला नाही. साडू फाटकात उभे राहून घामानं निथळले. मागाहून कळलं, की तो सकाळपासून बारामतीच्या लॉजवर झब्बा घालून तयार बसला होता. भारतात सांगितलेल्या वेळेला पोचलं तर यजमानांची पंचाईत होते, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. आल्या आल्या त्यानं फाटकातच बूट काढले आणि तापलेल्या फरशीवरून उड्या मारत घरात शिरला. मांडलेल्या खुर्च्यांकडे न पाहता खाली मांडी घालून बसला. साडू खुर्चीत बसले होते, ते गडबडीनं उतरून त्याच्यासमोर बसले. बटाटे आले. हातानं जेवायचा सराव तो घरून करून आला होता. हेच इकडचं पक्वान्न असावं अशा समजुतीनं तो एकेक बटाटा भक्तिभावानं गिळू लागला. ते माझ्या मेहुणीला बघवेना. तिनं आतून घरच्यांसाठी केलेला मटणाचा रस्सा आणून सरळ त्याच्या ताटात वाढला. त्याचे डोळे वाहिले, नाक वाहिलं आणि त्यानं वाटी पुढं केली.

जेवणं झाली. मग पाहुण्यानंच पल्लवीला मध्ये घालून विचारलं, की इकडं मुलींची लग्नं बापच ठरवतात असं तो ऐकून आहे. तर ही स्वतःच्या मर्जीनं येते आहे ना? तसं नसेल तर आत्ताच सांगा, मी मुलाची समजूत घालीन. साडूंनी पल्लवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मर्जी तिचीच हाय म्हणावं. पण ही आजारी पडली तर पाणी कोण देणार, तेवढं इचार."

त्यानं फार वेळ घेतला नाही. त्याची बायको शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. आई गेली त्या सकाळपर्यंत तिची वेणी यान घालत असे, एवढंच त्यानं सांगितलं.

"इहिरीवरची मोटार चालू हाय का बघून येतो," म्हणत साडू उठले आणि रानाकडे गेले. गावात सकाळपासून वीज नव्हती. परत आले तेव्हा त्यांचं तोंड धुतलेलं होतं. त्यांनी जर्मन व्याह्यांच्या हातात पानाचा विडा दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तारीख बघा आता."

लग्नानंतर पल्लवी गेली आणि घर फार मोठं वाटू लागलं. आता दर रविवारी दुपारी साडू ओसरीवर मोबाईल धरून बसतात. पडद्यावर पल्लवी नसते, व्याही असतात. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नाही. व्याही खिडकीबाहेरचं बर्फ दाखवतात, साडू उसाला आलेला तुरा दाखवतात, आणि मग दोघे नुसते बसून राहतात. या दोघांचं नेमकं काय चालतं, असं मी एकदा विचारलं.

"बोलायचं काय त्यात?" साडू मोबाईलकडे बघतच म्हणाले. "त्यांचं तोंड दिसलं, की पोरीच्या घरात कोणीतरी थोरलं माणूस हाय, एवढं कळतं."