औषधाला जेवायला

नवरा गेल्यावर माझं दुपारचं जेवण बंद झालं. ठरवून नाही. तो कंपनीत होता आणि आमच्या घरी जेवणाची वेळ त्याच्या शिफ्टवर ठरायची. शिफ्ट संपली, तशी वेळही संपली. रोह्याला लागून वरसे गावात माझं घर आहे, तिथे मी ब्लाऊज शिवते. दुपारी चहा, दोन टोस्ट आणि परत मशीन. रात्री काहीतरी करून घ्यायचे. एका माणसासाठी दोनदा कुकर कोण लावतं?

अशात रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. नवरा हृदयाच्या झटक्यानेच गेलेला, त्यामुळे पुण्यातली मुलगी घाबरली. घर बंद कर आणि माझ्याकडे ये, असं तिचं म्हणणं. मला जायचं नव्हतं. तिच्याकडे मी पाहुणी, इथे मशीन माझं, किल्ली माझी. शेवटी तिने मुदत घातली. आकडा उतरला नाही तर दिवाळीनंतर पुणे.

पेणला रामवाडीतल्या एका दवाखान्यात तेव्हा एक अभ्यास चालला होता. डाळी, शेंगदाणे, तीळ यांत स्टेरॉल नावाचं सत्त्व असतं. ते वेगळं काढून रोज दिलं तर कोलेस्टेरॉल आतड्यातून कमी शोषलं जातं का, ते त्यांना बघायचं होतं. निम्म्या लोकांना खऱ्या पावडरीची पाकिटं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या पावडरीची. कोणाला कोणती, ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. मी नाव दिलं. जेवणात मिसळून घ्या, असं सांगितलं होतं. मी सकाळी अनशापोटी पाण्यातून घ्यायचे. आपल्याकडे गुणाची वस्तू अनशापोटीच घेतात, मेथ्या काय नि आवळ्याचा रस काय.

पहिल्या तपासणीत आकडा जागचा हलला नाही. डॉक्टर तरुण मुलगी होती. पावडर कधी घेता, तिने विचारलं. मी सांगितलं. मग दुपारी काय जेवता, ते विचारलं. तेही सांगितलं. ती रागावली नाही. जेवलं की पित्त आतड्यात उतरतं, त्यात आपल्याच शरीराचं कोलेस्टेरॉल असतं, ते परत रक्तात शिरू बघतं आणि हे सत्त्व त्याची जागा अडवतं, असं तिने समजावलं.

"म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं," मी म्हटलं.

"तसंच. पण काकू, गाडीच लागली नाही तर रुमाल टाकणार कुठे?"

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मशीन थांबवलं आणि कुकर लावला. वरण, भात, वालाची उसळ. पावडर वरणात. शिट्टी ऐकून शेजारीण कुंपणापाशी आली.

"काय गो, पाहुणे आले काय?"

"नाय. औषधाला जेवायला घातलंय."

ती हसत गेली. मी ताट घेऊन बसले. समोर भिंत. रेडिओ लावला, बाजारभाव चालले होते, ते ऐकत ताट संपवलं. पुढे रोज तसंच. ब्लाऊजला हूक लावावेत तसं जेवण उरकायचं.

दिवाळीआधीच्या तपासणीत आकडा उतरला. मुलीला लगेच कळवलं.

"बरं झालं आई, आता काळजी नाही," ती म्हणाली.

पुण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही. जेवलीस का, असं विचारायला तिचा रोज रात्री फोन यायचा, तो हळूहळू रविवारावर गेला. तक्रार कशाची करणार? मला हेच हवं होतं.

अभ्यास संपला तेव्हा कळलं, माझी पावडर खरी होती. पाकिटं बंद झाली. डाळी-शेंगदाण्यात पाकिटाइतकं सत्त्व नसतं, तेव्हा रक्त तपासत राहा, असं डॉक्टरने बजावलं. ते मी करते. कुकरही साडेबारालाच लावते. मूठभर तांदळाला पाण्याचा अंदाज मला अजून येत नाही, म्हणून भात दोघांचा लावते. उरलेला रात्री खाते.