हात धुऊन येतो

त्याच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरतंय, संपादकांचे केस विकतचे आहेत, कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, असल्या गोष्टी ज्याला सांगायच्या नसत नेमक्या त्यालाच तो आधी सांगून मोकळा व्हायचा. बायको माहेरी फोन करायची तर गच्चीवर जाऊन. आणि तरीही वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे त्याला ‘तिजोरी’ म्हणायचे, ते चेष्टेने नव्हे.

कारण एकच. बातमी कोणी दिली, हे त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकलेलं नव्हतं. संपादकांनी गोडीने विचारून पाहिलं, वकिलांनी दटावून पाहिलं, एका मंत्र्याच्या माणसाने जेवायला नेऊन पाहिलं. तिजोरी जेवला, ढेकर दिली आणि त्या माणसाला संपादकांच्या केसांची हकिगत सांगून आला. नावाचा ब्र नाही. बाकी सगळ्या बाबतीत तो तुमच्याआमच्यासारखाच होता, हुशारी बेताची, पोट जरा सुटलेलं. या एका गोष्टीत मात्र आपण कोणीतरी आहोत असं त्याला वाटायचं. माणसाला असं काहीतरी लागतंच.

त्याच्याकडे पाणीपुरवठा खातं होतं. म्हणजे त्या खात्याच्या बातम्या त्याने आणायच्या. शहराला पाणी पाजणाऱ्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वर नळाला पाणी चढत नसे, आणि तिथल्या कुणाला त्यात काही वावगंही वाटत नसे. तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या बेसिनच्या शेजारच्या खोलीत, उपसंचालक साहेब बसायचे. साहेब मोठे सभ्य. आवाज कधी चढवला नाही, कोणाला कधी काही सांगितलं नाही. फक्त एक होतं. तिजोरी समोर येऊन बसला की साहेब थोडा वेळ हवापाण्याचं बोलायचे, मग कपाटातून एखादी फाइल काढून टेबलावर ठेवायचे, तीसुद्धा वाचणाऱ्याला सुलट दिसेल अशी, आणि उठायचे.

“बसा हं. हात धुऊन येतो.”

नळाला थेंब नाही हे दोघांनाही माहीत. साहेब बराच वेळ हात धुवायचे. तोवर तिजोरी वाचायचा. साहेब कोरडे हात रुमालाला पुसत परत आले की फाइल कपाटात जायची, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ खात्यातला साहेबांचा कोणी ना कोणी प्रतिस्पर्धी आडवा व्हायचा. उद्या गीतेवर, कायद्यावर, कशावरही हात ठेवून शपथ घ्यायची वेळ आली तरी साहेब खरं बोलू शकत होते: मी कोणाला काही सांगितलं नाही, काही दिलं नाही. हात तर स्वच्छच होते.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या एका भागात पाणी पिऊन माणसं आजारी पडली. इस्पितळं भरली, लोक खात्याच्या दारात रिकामे हंडे बडवू लागले. अशा वेळी खात्याला पाणी नंतर लागतं, आधी लागतो अपराधी. त्या आठवड्यात साहेबांनी बराच वेळ हात धुतले. टेबलावर होती पाणी तपासणाऱ्या एका बाईंची खाजगी फाइल. नवरा गेल्यावर त्या काही महिने मनाच्या डॉक्टरकडे जात होत्या, झोपेच्या गोळ्या घेत होत्या, याचे कागद त्यांनी रजेच्या अर्जाला जोडले होते. प्रामाणिक माणूस खरं कारण लिहितो, त्याचं हे असं होतं.

तिजोरीची बातमी पहिल्या पानावर आली: ‘पाणी तपासणारीचं मन ठिकाणावर नव्हतं?’ प्रश्नचिन्ह वकिलांनी घातलं होतं.

पुढे चौकशी झाली. जमिनीखालचा नळ गंजून सडलेला होता, गटाराला लागून होता, आणि तो बदला म्हणून याच बाईंनी वरचेवर लिहिलं होतं. त्या निर्दोष सुटल्या. ही बातमीही छापून आली, आतल्या पानावर, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. कुत्रा सापडला म्हणतात. बाईंची अब्रू मात्र कोणी आणून दिली नाही. त्यांच्या घरी कोणी पाणी पीत नाहीसं झालं. शेजारीण यायची, बसायची, पेला पुढे केला की म्हणायची, “आत्ताच पिऊन आले.” सख्खी नणंद घरून बाटली घेऊन येऊ लागली.

तेव्हा बाईंनी खात्यावर दावा लावला. माझे आजारपणाचे कागद माझे होते, ते खात्यातून बाहेर गेले कसे? खात्याने ताबडतोब चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर उपसंचालक साहेब. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या अशा. समितीने निष्कर्ष काढला की फाइल कपाटाबाहेर गेलेली नाही. कोर्ट बाईंना म्हणालं, खात्यात माणसं शेकड्यांनी. कोणी फोडलं ते दाखवा, नाहीतर दावा टिकणार नाही. ते दाखवू शकणारा माणूस एकच होता. कोर्टाने तिजोरीला बोलावणं धाडलं, वर बजावलं, नाव सांगा नाहीतर तुरुंगात बसा.

वर्तमानपत्रात आनंदीआनंद झाला. संपादकांना तत्त्वं फार आवडत, त्यातून ती दुसऱ्याने तुरुंगात जाऊन पाळायची असली तर फारच. त्यांनी अग्रलेख लिहिला. पत्रकार संघाने सत्कार ठरवला. पहिल्यांदाच तिजोरीचा फोटो त्याच्याच पेपरात आला, आणि घरी एक भला मोठा फुलांचा गुच्छ आला. त्यावर नाव नव्हतं.

“कोणी पाठवला?” बायकोने विचारलं.

तिजोरी पेपरातला स्वतःचा फोटो बघू लागला. बायकोला जे कळायचं ते कळलं. तिने गुच्छ उचलून मोरीतल्या बादलीत ठेवला.

“नाव सांगू नका, मला नकोच ते,” ती म्हणाली. “पण शब्द दिलात तुम्ही, त्याबद्दल फुलं आली, आणि मरते आहे ती बाई. हा कुठला हिशोब?”

“तत्त्व असतं एकेक.”

“असू दे ना. पण तत्त्वाचं ओझं नेहमी गरिबाच्याच डोक्यावर कसं हो?”

पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बाई त्याच्या शेजारीच येऊन बसल्या. दुसरी जागा नव्हती. तिजोरीने त्यांना प्रथमच पाहिलं. ज्यांच्यावर त्याने पहिलं पान भरून लिहिलं होतं त्या बाई काळ्या की गोऱ्या हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. केस नीट विंचरलेले, मांडीवर पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली.

“मी तुम्हाला नाव विचारत नाही,” बाई समोर बघत म्हणाल्या. “वकील विचारतील, त्यांचं ते काम आहे. मला दुसरंच विचारायचंय. माझा पत्ता होता ना त्या फाइलमध्ये?”

“होता.”

“तुमच्या कचेरीपासून चालत येण्यासारखं आहे माझं घर. मग लिहायच्या आधी एकदा दार का नाही वाजवलंत? मी सगळं सांगितलं असतं. नळाचं पण, गोळ्यांचं पण.”

आजवर नावं लपवताना तिजोरीची मान ताठ असायची, आज ती आपोआप खाली गेली. त्याला लाज वाटली, खरीखुरी, पोटातून आलेली.

तो तडक साहेबांकडे गेला. निदान मला शब्दातून मोकळं करा, एवढंच मागायचं होतं.

साहेब हसले. “कसला शब्द?”

“नाव सांगणार नाही, हा.”

“मी मागितला होता? आठवा बरं. मी तुम्हाला कधी काही सांगितलं? काही दिलं? मग शब्द कशाचा? अहो, आपली ओळख ती काय, हवापाण्यापुरती. मी कोर्टात शपथेवर हेच सांगणार आहे.” एवढं बोलून साहेबांनी सवयीने कपाट उघडलं, एक फाइल टेबलावर सुलट ठेवली आणि उठले. “बसा हं. हात धुऊन येतो.”

फाइलवर बाईंच्या वकिलाच्या धाकट्या भावाचं नाव होतं. तोही बिचारा याच खात्यात कारकून होता. तिजोरीने ती फाइल बोटाने उलटी केली, पालथी घातली आणि साहेब यायच्या आत जिना उतरला.

पुढच्या तारखेला साहेबांनी साक्ष दिली. समितीचे अध्यक्ष म्हणून ते पहिल्या रांगेत बसले होते, तिथून डौलात उठले आणि शपथेवर म्हणाले, “या गृहस्थांना मी काहीही सांगितलेलं नाही, काहीही दिलेलं नाही, त्यांच्याकडून कसलंही वचन घेतलेलं नाही.” शब्दन् शब्द खरा होता.

मग तिजोरी उभा राहिला. पेपरचे वकील ताडकन उठले. “महाराज, माझे अशील वचनाने बांधलेले आहेत!”

न्यायाधीश चष्म्यावरून म्हणाले, “तुम्ही कोणाला वचन दिलं होतं?”

“नाही, महाराज.”

वकील उभ्याचे बसले. शेवटच्या बाकावर संपादकांनी डोक्याला हात लावला, जरा जपूनच.

“मग माहिती कोणी दिली?”

“कोणीच नाही. माझ्याशी कोणी बोललं नाही. टेबलावर फाइल होती, समोर खुर्ची होती, खुर्ची रिकामी होती. मी वाचलं.”

“कोणाची खुर्ची?”

उभा जन्म तिजोरी माणसांना शब्द देत आला होता. खुर्चीने कधी शब्द मागितला नव्हता.

“तिसऱ्या मजल्यावरची. कोरड्या बेसिनच्या शेजारची. तिथे बसणारे गृहस्थ हात धुवायला गेले होते.”

खात्याचे कारकून मागे दाटीवाटीने बसले होते. त्यांच्यातून आधी एक खोकला आला, मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी रांगच तोंडावर रुमाल धरून हलू लागली. तिसऱ्या मजल्यावर पाणी नसताना हात कोण धुतं, हे खात्यात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं; आजवर फक्त कोणी विचारलं नव्हतं.

“त्या खोलीत कोण बसतं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“ते मी सांगायला नको, महाराज. त्यात गुप्त काही नाही. दारावर पाटी आहे.”

साहेबांनी नकळत दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

बाई दावा जिंकल्या. खात्याने लेखी माफी मागितली आणि या प्रकाराची गंभीर दखल घेऊन तिसऱ्या मजल्यावरचं बेसिन काढून टाकलं. साहेबांची बदली झाली. नव्या जागी नळाला पाणी येतं असं ऐकतो. पत्रकार संघाने सत्कार पुढे ढकलला तो ढकललाच. संपादकांनी तिजोरीला खात्यावरून काढून शब्दकोड्याच्या पानावर बसवलं, आणि कचेरीत त्याला ‘फुटकी तिजोरी’ म्हणू लागले. आता त्याच्यासमोर कोणी फाइल ठेवीना. तो नाव फोडून बसला की शब्द पाळून, यावर कॅंटीनमध्ये अजून वाद चालतो. खुद्द त्यालाही ते नक्की सांगता येत नाही.

निकालानंतरच्या रविवारी तो बाईंच्या गल्लीत गेला. खरोखरच चालत जाण्यासारखं होतं. त्याने दार वाजवलं. समोरच्या घरातली शेजारीण कपडे वाळत घालायची थांबून बघू लागली.

बाईंनी दार उघडलं. त्याला ओळखलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

“आता काय विचारायचं राहिलंय?”

“काही नाही,” तिजोरी म्हणाला. “उन्हातून आलोय. पाणी मिळेल?”

बाई आत जाऊन पेला भरून घेऊन आल्या. तिजोरी उंबऱ्याबाहेर, शेजारणीला नीट दिसेल असा उभा राहिला आणि एकेक घोट करत पेला रिकामा केला. दमलेल्या माणसासारखा मोठ्याने सुस्कारा टाकला.

“आणखी एक द्या,” तो म्हणाला, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

बाईंनी पेला घेतला. “उशीर केलात,” त्या म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या.