गोदाकाकूची पहिली मागणी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझा चोरून खाल्लेला तंबाखू-सुपारीचा खर्राही लपत नाही, राजेहो.

सुरुवात गोदाकाकूपासून करतो. कारण — कारण तिचं कौतुक सांगताना तरी माझी जीभ अडखळत नाही. काकू म्हणजे माझी सख्खी चुलती. हिवरखेडच्या पुढे आमचं गाव. सारं गाव कपाशी न् सोयाबीनच्या मागे गेलं, ही बाई चार एकर ज्वारी धरून बसली. कोणी हसलं की म्हणायची, "समदेच तेल पिकवाल त जेवाल काय, बाप्पा?" कमरेला पदर खोचलेला, हातात गोफण, आणि आवाज असा की दोन वावरं पलीकडची पाखरं उडावीत. आमच्या शिवारात तिच्याएवढी शेती कोणाला कळते? मला तर नाहीच.

तीन वर्षांमागे अकोल्यात एक सभा ठरली. धान्य पिकवणाऱ्यांसाठी सरकारनं आधी काय करावं, हे प्रत्येक गावानं आपला एक माणूस पाठवून सांगायचं. मागणी एकच. आमच्याकडे असं काही ठरवायचं तर हात वर करत नाहीत. पारावर सुपं मांडतात आणि घरटी एक मूठ धान्य, पाहिजे त्या सुपात. तीन सुपं मांडली — हमीभावानं ज्वारीची खरेदी, दिवसा वीज, आणि रोही, म्हणजे नीलगायी, न् रानडुकरांपासून साऱ्या शिवाराला तारेचं कुंपण. लोक भावाच्या सुपाकडे निघालेच होते, तर काकू मधी उभी राहिली.

"भाव दुप्पट करा नं! पन दानाच रोह्यानं खाल्ला त भाव का बुडख्याले लावता? पयले दाना घरात येऊ द्या, मंग भाव बोला."

एवढंच. लोक थबकले, हसले, आणि कुंपणाचं सूप भरून सांडायला लागलं. धोरण-धोरण म्हणतात ते याहून शहाणं असतं का हो?

मी बी.ए., म्हणून बोलायला मी. काकूनं पाठीवर थाप मारली. "नीट सांगजो, अरुण. भेऊ नोको."

आणि मी — थांबा, सांगतो. पळत नाही.

सभेत माझ्याआधी दुसऱ्या गावचा एक म्हातारा उठला. "सायेब, रोह्यानं वावर खाल्लं जी," म्हणाला, आणि सगळीकडे खसखस पिकली. मागून कोणी ओरडलं, रोह्यालाही सातबारा द्या! मीही हसलो. मग माझं नाव पुकारलं. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन — मलाही असंच हसतील? एवढ्याशा भीतीनं मी कुंपण गिळून टाकलं. छापील मराठीत म्हणालो, आमच्या गावाची पहिली मागणी, धान्य स्वच्छता व प्रतवारी केंद्र. कोणी मागितलं होतं ते? कोणीच नाही. आदल्या दिवशी कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं. टाळ्या पडल्या. साहेबांनी लिहून घेतलं.

गावात येऊन काकूला म्हणालो, "कुंपणाचं लिहून घेतलं बरं का." तिच्या डोळ्यांत पाहून म्हणालो.

त्या भरवशावर तिनं दोन एकर ज्वारी वाढवली. दसऱ्याच्या सुमारास कणसं भरली आणि रोह्यांच्या कळपानं सारं लोळवून टाकलं. लोक माझ्यावर चिडले, तर काकूच आडवी आली. "त्यानं त सांगतलं नं! सरकारचं काम हाये, टाइम लागते." पुढल्या वर्षी पुन्हा पेरली. पुन्हा तेच. ज्वारीची उरलेली ताटं तिनं गुपचूप कापली, गुरांना घातली आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या वावरात तूर निंदायला गेली. असा धीर कुठून आणतात माणसं? मला तिच्यासमोर उभं राहण्याचीही लाज वाटायची, तरी उभा राहायचो.

यंदा आमची मागणी मंजूर झाली. आमची कसली — माझी. पत्र्याचं शेड आलं, धान्य चाळायचं यंत्र आलं. लोकांना वाटलं, कुंपणाऐवजी सरकारनं आपल्याच मनानं हे धाडलं. म्हणजे त्या सभेत जे सांगितलं ते होणार होतं. कुंपणही झालं असतं. लोकांनी नारळ काकूच्याच हातानं फोडला. तिनं यंत्रावरून हात फिरवला. "चांगलं हाये. पन यात टाकाले ज्वारी कोठं हाये आता?" कारण यंदा तिनंही सोयाबीन पेरलं होतं.

परवा काकू अकोल्याला लेकीकडे गेली आणि येताना जठारपेठेतून ज्वारी विकत घेऊन आली. जन्मात पहिल्यांदा. दुपारी गरम भाकर फडक्यात बांधून माझ्या घरी आली. "आपल्या वावरातली नाही बाप्पा, पाह्य कशी लागते त," म्हणाली, आणि समोर बसून राहिली.

मी सगळी भाकर खाल्ली. चांगली झाली म्हणालो.