दर रविवारी तुरुंगात

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांइतक्या आनंदानं तुरुंगात जाणारा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. नाचणगावला मास्तरकी करून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी पुलगावहून रेल्वेनं वर्ध्याला येत आणि तिथल्या कैद्यांना वाचायला शिकवत. मुलानं दिलेला टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून सोबत असे. डब्यात एकच जागा मिळाली तर तिच्यावर टेप बसे आणि हे उभे राहत. "त्याले धक्का सोसत नाई," म्हणत. स्वतःच्या गुडघ्यांबद्दल ते असं कधी बोलले नाहीत.

जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत ते धडा लिहीत आणि तोच धडा सावकाश वाचून टेप करत. कैद्यानं टेप ऐकत ऐकत अक्षरांवरून बोट फिरवायचं. हे सगळं घरात चुलीशेजारी टेप होई, त्यामुळे 'कमळ' आणि 'नमन' यांच्या मधोमध त्यांच्या पत्नीचा आवाज येई, "अवो, चहा थंडा होऊन राह्यला!" कैद्यांना तेवढा भाग आधी पाठ झाला. एका टेपमध्ये तो नव्हता, तर एकानं काळजीनं विचारलं, "गुरुजी, आज माय काऊन नाई बोलली? बरी हाय ना?"

त्या कैद्यांत तळेगावकडचा एक शेतमजूर होता. मारामारीत शिक्षा झालेला. चार वर्षं शाळेत जाऊनही त्याला वाचता येत नव्हतं. सुटं अक्षर ओळखायचा, पण ओळीत आली की अक्षरं त्याच्यासमोर जागा बदलायची. शाळेनं त्याला ढ ठरवलं होतं, आणि त्यानंही ते मानलं होतं. त्याच्याजवळ मुलीची तीन पत्रं तशीच पडून होती. पूर्वी एकदा बायकोचं पत्र त्यानं दुसऱ्याकडून वाचून घेतलं, तर बराकीनं महिनाभर त्याला त्यावरून चिडवलं होतं. "मी वाचून देतो," सासरे म्हणाले. तो म्हणाला, "नाई गुरुजी. पोरीचं हाय. मीच वाचीन."

सासऱ्यांनी मग पोस्टकार्डाला एक खिडकी कापली. ती ओळीवरून सरकवली की एकच शब्द दिसे, बाकीचे झाकलेले राहत. टेप, खिडकी आणि बोट, असं पाच महिने चाललं. मग त्यानं पहिलं पत्र उघडलं. 'बाबा, हे पत्र मी स्वतः लिहिले आहे. उत्तर लिहा.' पुढच्या रविवारी दुसरं: 'तुम्ही रागावले का?' त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं: 'आता मी पत्र लिहिणार नाही.' ते वाचून तो खिडकीचं कार्ड हातात धरून बसून राहिला.

लिहिणं त्याच्यानं अजून होत नव्हतं. तेव्हा सासऱ्यांनी जेलरच्या मागे लागून परवानगी काढली, त्याचा आवाज टेप केला आणि मला सोबत घेऊन एसटीनं तळेगाव गाठलं. मुलगी दहा-अकरा वर्षांची, दाराला टेकून उभी. आमच्याकडे बघेना. सासऱ्यांनी बटण दाबलं. तिचंच पहिलं पत्र तिचा बाप अडखळत, एकेक शब्द उचलत वाचत होता. शेवटी म्हणाला, "बेटा, रागावलो नोतो. मले वाचताच येत नोतं."

मुलगी पुढं येऊन बसली. "बाबा लयच हळू वाचते," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आबाजी, अजून एकदा लावा ना." पाचव्यांदा लावल्यावर सेल उतरले. बापाचा आवाज जड होत होत थांबला. तरी ती कान देऊन बसलेलीच.

परतीच्या बसमध्ये सासरे एवढंच म्हणाले, "सेलचा एक जोड संग आणाले पायजे होता, भाऊ."

दीड महिन्यानं तुरुंगात तिचं चौथं पत्र आलं. तो ते घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला कोणाची मदत लागली नाही. सासरे म्हणत, त्या दिवशी धडा लावायचा राहूनच गेला. त्याची पाठ बघत ते नुसते बसून राहिले.