दोन बुटांत दोन भाऊ

आमच्या जिन्यात रोज पहाटे पावणेपाचला खसखस व्हायची. पहिलं वर्षभर मी तो उंदीर समजत होते. मग एकदा झाडू घेऊन बाहेर आले, तर समोरच्या घरातला बाइंडर. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अर्धी पावलं टेकवून, कठडा धरून टाचा वर-खाली करत होता. डाव्या पायाच्या तीस, उजव्या पायाच्या तीस.

"अहो, पायरी झिजवताय की पाय?" मी विचारलं.

"पोटऱ्या, ताई," तो म्हणाला. एवढंच. माणूस मुळातच कमी बोलायचा, आणि बोलायचा ते बहुतेक स्वतःच्या अवयवांबद्दल.

वय एकोणपन्नास. छापखान्यामागच्या लांबट खोलीत पुस्तकं बांधायचं काम. शाळांची हजेरीबुकं, दवाखान्यांची रजिस्टरं, वाचनालयातली पान अन् पान सुटलेली पुस्तकं. पुठ्ठा चिकटवला की तो दाबयंत्रात वीस मिनिटं ठेवावा लागतो. बाकीचे तेवढ्यात चहा पितात. हा भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसायचा. नवीन माणूस कामाला आला की मालक आधी ते दाखवायचा आणि म्हणायचा, "घाबरू नकोस. चावत नाही."

घरी सज्जात बुटांचे दोन जोड वर्तमानपत्रावर निजलेले. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने बारीक अक्षरात किलोमीटर लिहिलेले. आठशे झाले की तो जोड निवृत्त. आमच्या नवऱ्यांच्या झिजेकडे इतकं लक्ष अजून कुणी दिलेलं नाही. कापडाच्या गुंडाळीत जी जाड पुठ्ठ्याची नळी येते, तिच्यात वाळू भरून दोन्ही तोंडं कापडाने बंद केलेली. रात्री जेवणाआधी त्या नळीवर मांड्या लाटत बसायचा. रविवारी बत्तीस किलोमीटर. पाण्याची टाकी, इस्पितळाची लांब भिंत, पूल, पुन्हा टाकी. खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे. बनियन घासून छातीवर रक्त येतं म्हणून दोन्हीकडे चिकटपट्ट्या, आणि घाईत त्या राहिल्या की पांढऱ्या बनियनवर दोन लाल ठिपके.

त्याची बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. ती म्हणायची, "मी दिवसभर लोकांच्या हातापाया पडून त्यांचं रक्त काढते, आणि हा बाबा स्वतःचं फुकट सांडून येतो."

हे सगळं कशासाठी? तर बेचाळीस किलोमीटरची वार्षिक शर्यत चार तासांच्या आत संपवायची म्हणून. बक्षीस नाही, पेपरात फोटो नाही. चार तासांच्या आतल्यांची यादी वेगळी लागते, तिच्यात आपली एक ओळ असावी, बस. पहिल्या वर्षी चार तास अकरा मिनिटं, दुसऱ्या वर्षी चार मिनिटं वर. तिसऱ्या वर्षी चार तास आणि अडतीस सेकंद. तिसाव्या किलोमीटरला लघवीला थांबला होता. ही बातमी मीच पसरवली, नाही कशाला म्हणू? आठवड्याभरात आख्खी इमारत त्याला 'अडतीस' म्हणायला लागली. "काय अडतीस, आज पाणी कमी पिलात ना?" तो हसायचा. आत काय व्हायचं ते पाहायला आम्ही काही आत गेलो नव्हतो.

चौथ्या वर्षी उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरने फोटो उजेडाला धरून सांगितलं, की गुडघ्यातली गादी संपत आलीय. बायकोने माझ्या देखत वचन घेतलं. "ही एक शेवटची. मग चालायचं, चारचौघांसारखं." त्याने मान हलवली. म्हणजे जे काही व्हायचं ते याच वर्षी.

आता थोरल्याकडे येऊ. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतो. वडील गेले तेव्हा बाइंडर आठ वर्षांचा आणि हा सतरा. कॉलेज सोडून नोकरीला लागला, धाकट्याला वाढवलं. खरंच वाढवलं, त्यात खोट नाही. फक्त ती गोष्ट त्याने कधी शिळी होऊ दिली नाही. दादा म्हणजे बापाच्या जागी, आणि दादाचा शब्द खाली पडायचा नाही. आता दादा पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत मॅनेजर. पोट पुढे, श्वास मागे. जिना चढताना माझ्या मजल्यावर थांबून दारावरची पाटी वाचल्यासारखं करतो. सहा वर्षं वाचतोय. पाटीवर दोन शब्द आहेत.

तर दादाच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबाला म्हातारपणी धावायचं वेड लागलं. साहेबाला सर्दी झाली की हाताखालचे शिंकतात, तसंच हेही. प्रत्येक मॅनेजरला एकेक घड्याळ मिळालं. कोण किती धावलं ते साहेबाला रोज फोनवर दिसणार.

दादा खाली आला. मी साखर मागायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. साखर नंतर घरीच सापडली.

"अरे, तू धावतोसच ना? मनगटावर एक घड्याळ जास्त. तुला काय ओझं होतंय?"

"दादा, पण ते तुझं धावणं नाही ना होत."

"मी आजवर तुझ्याकडे काही मागितलंय?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाइंडरच्या डाव्या हातावर स्वतःची वेळ, उजव्या हातावर भावाची. सकाळी सातला दादा घड्याळ घेऊन जायचा, रात्री परत आणून द्यायचा. अंगाला तोशीस न लावता तो आठवड्याला साठ किलोमीटर धावू लागला. कंपनीच्या सभेत साहेबाने उभं करून टाळ्या वाजवल्या. स्वागतकक्षात फोटो लागला. दादाची बायको माझ्याजवळ कौतुकाने म्हणाली, "ह्यांच्यात किती जिद्द आहे बघा." मी म्हटलं, "हो ना, खालपर्यंत ऐकू येते. घोरण्यातसुद्धा."

आणि मग साहेबाने प्रेमाने घात केला. बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत दादाचं नाव परस्पर घालून टाकलं. "आपण दोघंही धावू. शेवटच्या रेषेवर तुमच्या-माझ्या गळ्यात पदक, असा फोटो हवा मला."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दादा पुन्हा खाली. चेहरा ओल्या पुठ्ठ्यासारखा. हातात त्याचा नंबर आणि चिप. ही चिप म्हणजे बोटभर प्लास्टिकची पट्टी, बुटाच्या नाडीत बांधायची. रस्त्यात ठरावीक ठिकाणी चटया अंथरलेल्या असतात, त्यांच्यावरून पाय गेला की वेळ नोंदली जाते.

"फक्त खिशात टाक. बाकी मी बघतो."

"मोठे भाऊजी, पोट बिघडलं म्हणून सांगा की साहेबांना," बाइंडरची बायको म्हणाली. "त्याचं शेवटचं वर्ष आहे. कशाला नसती भानगड?"

"तू यात पडू नकोस. आम्हा भावाभावातलं आहे."

बाइंडर बुटांकडे बघत बसला. माझ्या जिभेला शांतता सोसत नाही. दारातून म्हटलं, "अहो, खिशात कशाला? भाऊ दोन, बूट दोन. एकेक वाटून घ्या!"

सगळे हसले. दादा सगळ्यात जास्त. बाइंडर तेवढा हसला नाही. त्याला ते पटलं. खिशातली पट्टी चटईला कळेल-न कळेल. घेतलेलं काम नीट करायचं हीच त्याची आयुष्यभराची खोड. त्याने डाव्या बुटाला आपली आणि उजव्या बुटाला दादाची चिप बांधली. बाइंडरची गाठ. सुटायचा प्रश्नच नाही.

सकाळी आम्ही दोघी अडतिसाव्या किलोमीटरला उभ्या होतो, मीठ-पाणी आणि बटाटे घेऊन. तो आला तेव्हा चेहऱ्यावर फक्त डोळे उरले होते. बायको चपलांनिशी त्याच्याबरोबर दहा पावलं धावली. "काय हवं?" तो म्हणाला, "काही नको. पाच-चाळीस." किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद, हा त्याचा हिशोब होता, आणि त्याच्याही थोडा पुढे होता तो.

तीन तास सत्तावन्न मिनिटं बेचाळीस सेकंद. आम्ही रिक्षाने शेवटच्या रेषेशी पोचलो, तेव्हा फुटपाथवर बसून त्याने तो आकडा बायकोकडून फलकावरून तीन वेळा वाचून घेतला. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आता चालायला हरकत नाही." मला त्या दिवशी काही थट्टा सुचली नाही, हे मी कबूल करते.

दादा कुठे होता? समोरच्या हॉटेलात. अंगात शर्यतीचा शर्ट, छातीवर नंबर, पुढ्यात आमलेट. साहेब पोचायच्या सुमाराला त्याने डोक्यावर बाटली ओतून घेतली आणि बाजूच्या फटीतून आत शिरला. फोटो छान आला.

चौथ्या दिवशी शर्यतीच्या आयोजकांचं पत्र आलं. प्रत्येक चटईवर दोन्ही चिपा एकाच सेकंदाला. एकवीसला, तीसला, चाळीसला, शेवटालाही. दुसऱ्या नंबराचा माणूस रस्त्यातल्या एकाही फोटोत नाही. दोघंही बाद, पुढची दोन वर्षं बंदी. यादीत बाइंडरच्या नावापुढे वेळ होती तिथे आता 'अपात्र'.

त्याने फोन केला. पलीकडची बाई तुटक बोलली, पण माणसासारखी बोलली. "ज्याची चिप होती त्याने लिहून द्यावं, की मीच दिली, मीच गळ घातली. मग तुम्हाला ताकीद देऊन तुमची वेळ ठेवता येईल. पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत."

त्याने चांगल्या कागदावर चार ओळी स्वतःच लिहिल्या, खाली सहीपुरती जागा सोडली आणि वर गेला. मंगळवारी दादा आंघोळीला. बुधवारी दादा फोनवर. गुरुवारी सापडला.

"सही करून साहेबाला काय तोंड दाखवू?"

"दादा, फार तर ओरडतील. माझं पुन्हा नाही होणार. गुडघा..."

"अरे, धावलास ते धावलासच ना? ते कोण काढून घेणार आहे? कागदावर काय असतं?"

कागदावर काय असतं, हे जन्मभर कागद शिवणाऱ्याला सांगितलं त्याने.

खरी गोम मला दादाच्या बायकोकडून कळली, गच्चीवर कपडे वाळत घालताना. ती आपली नवऱ्याचा मोठेपणाच सांगत होती. पत्र आलं त्याच दिवशी दादाने साहेबाला सांगून टाकलं होतं, की धाकटा जरा चक्रम आहे. गडबडीत माझी चिप पण त्याने स्वतःच्याच बुटाला बांधली. माझ्या पायात गोळा आला म्हणून मी मधेच बाजूला झालो, आणि त्याची अब्रू जाऊ नये म्हणून गप्प बसलो. साहेबाने पाठ थोपटली. म्हणे, भाऊ असावा तर असा. म्हणजे बाइंडर सहीसाठी जिने चढत होता, तेव्हा वर सही करायला कुणी उरलंच नव्हतं.

मी हे खाली सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही.

शुक्रवारी त्याने अर्धी रजा घेतली आणि तीन वाजल्यापासून वरच्या जिन्यात बसला, कागद मांडीवर. कळल्यावरसुद्धा. दादा त्या दिवशी साडेसहाला आला. त्याच्या मागोमाग बाइंडरची बायको.

"मोठे भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही वाढवलंत, मान्य आहे. झाड लावणाऱ्याने फळं खावीत, तीही खाल्लीत. आता सरपणसुद्धा तुम्हालाच का?"

दादाने घाम पुसला आणि भावाला म्हणाला, "हिला जरा समजाव."

बाइंडर उठला. कागदाची घडी घातली, नखाने दाबून सरळ केली. "चल गं. दादा दमलाय."

तिने आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मी 'अडतीस' म्हणणं टाकलं, पण ते आता कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

पण साहेब कुठे सोडतो? त्याने फर्मान काढलं, की बंदी संपली की आपण दोघं पुन्हा धावायचं, तोवर दर रविवारी माझ्याबरोबर सराव. त्यामुळे दादाला आता खरोखरच धावणं भाग आहे. शिकवायला माणूस घरचाच.

सव्वापाचला दोघं खाली उतरतात. दादा धावतो. बाइंडर शेजारून चालतो, त्याला चालूनही पुरतं. हातात दादाची बाटली, खांद्यावर दादाचा टॉवेल.

परवा मी दूध घेऊन येत होते. दादा फाटकाशी थांबला होता, धाकट्याच्या खांद्यावर सगळा भार टाकून, तोंड उघडं.

"तुझं बरं आहे रे," तो धापा टाकत म्हणाला. "तुला आता कसलं टेन्शन नाही."

"नाकाने श्वास घे, दादा," बाइंडर म्हणाला, आणि बाटलीचं झाकण उघडून दिलं.