टँकरच्या पाण्याला बागिन

"ओत ते पाणी. इथंच, माझ्यासमोर ओत."

अक्का हे मोठ्यानं म्हणाल्या. तळ्याकाठच्या वाटेवर सकाळी फिरायला आलेली मंडळी थांबली. माझ्या हातांत दोन जुन्या बाटल्या, बागेच्या नळावर नुकत्याच भरलेल्या. आमच्या गल्लीत पाच दिवस पाणी आलं नव्हतं. घरी सासूबाई तापानं फणफणलेल्या. हे सगळं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते झाडांचं पाणी आहे. तुला झाडांना घालायला ठेवलंय, घरी न्यायला नाही."

मी ओतलं. गुलाबाच्या आळ्यात, दोन्ही बाटल्या, शेवटच्या थेंबापर्यंत. पांढऱ्या बुटातले एक साहेब मान हलवून म्हणाले, "करेक्ट. रूल म्हणजे रूल." आणि पुढं चालायला लागले.

लाज वाटली मला. इतकी की दिवसभर कुणाकडं वर बघितलं नाही. राग दुसऱ्या दिवशी आला, तोही आधी स्वतःवर. ओतलं कशाला मी? हात धरून कुणी ओतायला लावलं होतं?

मी निपाणीकडची. नवरा बेंगळूरजवळ होसकोटेच्या कारखान्यात, मी या तळ्याच्या कमिटीकडं बागकामाला. अक्का कमिटीच्या सेक्रेटरी. बेंगळूरच्या बसवनगुडीतलं जुनं मराठी घराणं, चारशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. हे त्या आठवड्यातनं दोनदा तरी ऐकवायच्या. मला कामावर घेताना म्हणाल्या होत्या, "आपल्यातलीच आहेस, बरं झालं." मी येडी, खूश झाले होते. आपल्यातली असल्याचा फायदा एवढाच, की त्यांना माझा पाणउतारा करायला दुसरी भाषा शोधावी लागत नव्हती.

दर रविवारी त्या काठावर उभ्या राहून भाषण ठोकायच्या. "तळी आहेत, झाडं आहेत, म्हणून आपलं बेंगळूर राहण्यासारखं आहे. ही आपली संपत्ती." खोटं नाही ते. तळं भरलेलं असलं की हवा गार राहते, पाणकावळे येतात, भोवतालच्या बोअरना पाणी टिकतं. मला ते त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, मी दिवसभर तिथंच राबते. पण 'आपलं' म्हणताना अक्कांचा हात फ्लॅटांकडं जायचा. आमची गल्ली तळ्याच्या दुसऱ्या अंगाला. तिकडं तो कधी वळला नाही.

त्या गल्लीच्या कडेनं एक जुना नाला तळ्यात उतरतो. पावसाचं पाणी आणणारा. इकडं त्याला राजकालुवे म्हणतात. वास येतो म्हणून उन्हाळ्यात कमिटीनं त्याच्या तोंडावर भिंत घातली. "तुमच्या गल्लीची घाण नको तळ्यात," अक्का म्हणाल्या. फ्लॅटांच्या सांडपाण्याचा पाइपही त्याच नाल्यात सुटतो, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वर त्या भिंतीवर खंड्या पक्षी रंगवून घेतला आणि त्याच्यापुढं फोटो काढले. मी विचारलं, "अक्का, मग तळ्यात पाणी येणार कुठनं?" त्या हसल्या. "वरनं. पाऊस वरनंच पडतो की गं." एवढी शिकलेली बाई! अक्कल कुठं गहाण टाकली होती, देव जाणे.

पाऊस आला. चांगला दणकून आला. दुसरी तळी भरली, आमच्या तळ्यात मधोमध नुसतं डबकं. नाल्याचं पाणी भिंतीला थडकलं आणि मागं फिरलं, थेट आमच्या घरांत. गुडघाभर. सासूबाईंना पाठीवर घेऊन मी शेजारच्यांच्या माळ्यावर चढवलं.

आणि कमिटीनं काय करावं? बागिन ठरवलं. इकडची रीत आहे ती. तळं काठोकाठ भरलं की सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, धान्य घालायचं, वरून दुसरं सूप झाकायचं आणि पाण्यात सोडायचं. पाण्याची ओटीच ती. तळं भरलं नव्हतं, पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. मग टँकर मागवले. देवनहळ्ळीकडच्या कुठल्याशा बोअरचं पाणी आणून पायऱ्यांपुढच्या खळग्यात ओतलं. तळ्यात टँकर! वा रे संपत्ती!

त्या दिवशी पायऱ्यांपुढं चिखल झाला होता. रेशमी साड्या नेसून त्यात उतरणार कोण? अक्कांनी सूप माझ्या हातात दिलं. "तू आत जा आणि सोड. आम्ही फोटोला वर उभ्या राहतो."

मी एक पायरी उतरले. थांबले. वळले, आणि सूप पायरीवर ठेवलं.

"भरल्या तळ्याला बागिन देतात, अक्का. टँकरला नाही. तळ्याचं पाणी तुम्ही भिंत घालून आमच्या घरांत सोडलंय. बागिन द्यायचं तर तिकडं चला."

मराठीत म्हणाले, आणि पाहुण्यांना कळावं म्हणून पुन्हा कन्नडमध्ये. कन्नड माझी शाळेची भाषा. अक्का दात-ओठ खात म्हणाल्या, "लायकी बघून बोल."

"बघूनच बोलतेय," मी म्हणाले.

कामावरनं त्याच दिवशी काढलं. मी घरी जाऊन कन्नडमध्ये अर्ज लिहिला. नाल्यावरची भिंत काढा आणि फ्लॅटांचा पाइप बंद करा. पहिली सही माझी, खाली गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या. पालिकेच्या ऑफिसात नेऊन दिला आणि शिक्का मारलेली प्रत मागून घेतली.

चार दिवसांनी अक्का आमच्या गल्लीत आल्या. पहिल्यांदाच. साडी वर धरून, नाकाला पदर लावून.

"आपल्या आपल्यात असं करायचं का गं? स्वल्प समजून घे. अर्ज मागं घे, उद्यापासून कामावर ये. नळाचं पाणी पण ने, कुणी काही म्हणणार नाही."

म्हणजे पाणी द्यायचं मनात आलं की देता येत होतं. इतके दिवस माझ्या तोंडावर रूल फेकत होत्या. किळस आली मला त्यांची. मी त्यांना आत या म्हणाले नाही, बसा म्हणाले नाही.

"तुमच्या नळाचं पाणी मला नको. अर्ज मागं घेणार नाही."

त्या गेल्या. भिंत अजून उभी आहे. ऑफिसवाले उद्या या म्हणतात, आम्ही उद्या जातो. पुढच्या पावसाआधी त्यांनी ती काढली नाही, तर आम्ही काढू. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. पोलीस आले तर त्यांना नाव शोधत बसावं लागणार नाही. पहारीचा पहिला घाव माझा असेल.