हिल्डाबाईंच्या घरी विझलेला दिवा

मरोळच्या जुन्या गावठाणात, क्रूसाच्या डाव्या अंगाला, हिल्डाबाईंचे कौलारू घर आहे. पती अल्फान्सो ईस्टरआधीच्या उपवासकाळात झोपेतच निवर्तले आणि तेव्हापासून रात्र ही त्या सदुसष्ट वर्षांच्या बाईंची वैरीण झाली. दिवसा मासळीवालीशी निर्भयपणे हुज्जत घालणाऱ्या हिल्डाबाई अंधार पडताच कडी तीनतीनदा तपासीत, सिलिंडर हुंगून पाहात आणि घरभर दिवे जाळून पहाटेपर्यंत बसून राहात.

मुलाने, वॉरेनने, अखेर बजावले, "मम्मी, रविवारी बोरीवलीला चल माझ्याकडे. अशी जागत राहिलीस तर वाट लागेल तुझी."

घर सोडवत नव्हते. नाही म्हणण्याचे बळही नव्हते.

शुक्रवारी मरियामातेला घरी ठेवून घेण्याची त्यांची पाळी आली. ऑक्टोबरात मातेची मूर्ती गावठाणात रोज एका घरी मुक्कामाला जाते. संध्याकाळी शेजारी जमून जपमाळ म्हणतात आणि मूर्तीपुढचा तेलाचा दिवा त्या घराने सकाळपर्यंत राखायचा, असा पूर्वापार रिवाज.

"तुझ्यासारखी राखणदार कुठली गं!" निघताना शेजारीण शर्लिनने थट्टा केली. "तू झोपतेस कुठे?"

ज्योत नीट दिसावी म्हणून हिल्डाबाईंनी बाकीचे दिवे मालवले. सात महिन्यांत प्रथमच. मागच्या अंगणात काहीतरी खडखडले. कडी तपासायला त्या अर्धवट उठल्या. परंतु मातेला एकटे टाकून दार पाहायला जाणे प्रशस्त वाटेना. भिंतीवरच्या क्रूसावरील ख्रिस्ताकडे पाहून त्या पुटपुटल्या, "प्रभू, दार तू बघ. मी दिवा बघते." आणि बोटांतून मणी सरकू लागले.

"हिल्डा! अगं, दार नुसतंच लोटलेलं?"

डोळे उघडले ते शर्लिनच्या हाकेने. बाहेर लख्ख उजाडले होते. मूर्तीपुढे वात काळी पडली होती. पणतीत तेल अर्धे शिल्लक.

"विझला गं दिवा!" हिल्डाबाई ओशाळल्या. "मी मेली घोरत पडले. अंधारात!"

"आणि कडी?"

"राहिलीच लावायची."

शर्लिनला हसू आवरेना. "मग राखण केली कोणी?"

"ज्याला सांगितली होती त्याने," हिल्डाबाई हळूच म्हणाल्या, आणि उठून त्यांनी वॉरेनला फोन लावला. "रविवारी तूच जेवायला ये रे. तुझ्या आवडीचे मैद्याचे फुगे तळते. सामान बांधायला नको येऊस."

त्या रात्री भय पुन्हा आले. हिल्डाबाईंनी कडी लावली, एकदाच तपासली, आणि दार प्रभूवर सोपवून दिवा मालवला.